फलकावर मावत नाहीत अशी माणसे

प्रश्न : आम्ही ना. म. जोशी मार्गावरील बी.डी.डी. चाळीतले रहिवासी. पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करून आम्ही संक्रमण शिबिरात राहायला आलो आणि त्यानंतरच्या सव्वा वर्षात आमच्या मजल्यावरची तीन वडीलधारी माणसे गेली. अण्णा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते आणि भजनात पखवाज वाजवत. काकींनी तीसेक वर्षे खानावळ चालवली. दादा दुसऱ्या एका गिरणीत सूत कातण्याच्या रिंगखात्यात होते. मंडळाने गणेशोत्सवात तिघांचे फोटो आणि ‘आधारवड हरपले’ असा मजकूर असलेला फलक लावायचे ठरवले असून लिहिण्याचे काम माझ्यावर सोपवले आहे. मला ते अपुरे वाटते, पण दुसरे काय करावे ते सुचत नाही. १९८२ च्या गिरणी संपात अण्णा मध्येच कामावर गेले होते, ते लिहावे की नाही यावरून मजल्यावर वाद आहे. दादांचे चिरंजीव म्हणतात, बाबांचा फोटो त्या फलकावर नको. आणि माझ्या सासूबाई, ज्या काकींच्या चाळीस वर्षांच्या शेजारीण, त्या विषय काढला की उठून आत जातात. मार्गदर्शन करावे.
— एक रहिवासी, लोअर परळ

उत्तर :

ताई,

तुम्ही पत्रात तिघांची नावे आणि खोल्यांचे क्रमांक दिले आहेत. ते मी येथे छापत नाही, तुम्ही वापरलेल्या नात्यांनीच त्यांचा उल्लेख करतो.

मंडळाचा फलक होऊ द्या. त्यामागे आपुलकी आहे, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या जुन्या ओळखीच्या माणसाला ‘अण्णा गेले’ हे त्यावरूनच कळणार आहे. तरीही तुम्हाला जे अपुरे वाटते, ते खरोखरच अपुरे आहे. ‘आधारवड’, ‘मनमिळाऊ’, ‘सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे’ हे शब्द खोटे नसतात, पण तिघांच्या फोटोंची अदलाबदल केली तरी त्या मजकुरातला एक शब्दही बदलावा लागत नाही. माझी मावशी गेली तेव्हा शोकसभेत मला बोलायला सांगितले होते. मी ती किती प्रेमळ होती हे दहा मिनिटे सांगितले आणि खाली बसलो. माझ्यानंतर तिची एक मैत्रीण उठली आणि एवढेच म्हणाली की ही बाई पत्र लिहिताना शेवटी नेहमी पावसाचे काय ते लिहायची, पाऊस असो वा नसो. सभागृहातल्या प्रत्येकाला त्या क्षणी मावशी दिसली, आणि माझ्या दहा मिनिटांत ती एकदाही दिसली नव्हती, हे मला तेव्हा उमगले. म्हणून मजकूर लिहायला बसाल तेव्हा प्रत्येकासाठी निदान एक वाक्य असे शोधा, जे दुसऱ्या कोणाबद्दल लिहिताच येणार नाही. ते वाक्य तुम्हाला एकटीला सापडणार नाही. त्यासाठी विचारत फिरावे लागेल, आणि हे फिरणे हीच खरी आदरांजली आहे असे मी मानतो.

सुरुवात माणसांपासून न करता मजल्यापासून करा. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळींची रचना तुम्हाला मी काय सांगणार : तळमजला आणि वर तीन मजले, मधून जाणारा व्हरांडा, दोन्ही बाजूंना दहा दहा खोल्या, १६० चौरस फुटांची एकेक खोली आणि सगळ्यांची मिळून संडास-मोरी. एक मोठा कागद घेऊन तुमच्या मजल्याच्या वीस चौकटी आखा आणि जे वृद्ध अजून आपल्यात आहेत त्यांच्यापैकी दोघा-तिघांना एकत्र बसवून, कोणत्या खोलीत कोण राहत होते, त्यांच्याआधी कोण होते, कोणाकडे गावची किती माणसे उतरत, हे भरून घ्या. एकट्याला विचारले की वृद्ध माणूस ‘आता काय आठवणार’ म्हणतो. तिघांना एकत्र बसवले की एक चुकतो, दुसरा त्याला दुरुस्त करतो, आणि तिसऱ्याला त्या चुकीवरूनच काहीतरी आठवते. हे काम फलकाच्याही आधी करावे असे मी सुचवतो, कारण ती भिंत आणि तो व्हरांडा पाडला गेला की आठवणीला धरायला खुंटी राहत नाही. पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरात बसून ‘मोरीशेजारची खोली’ म्हणजे कोणती, हे तुमच्या मुलांना सांगता येणार नाही.

त्यानंतर कागद. गिरणी कामगारांसाठी म्हाडाने २०१२ साली ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली आणि तेव्हापासून आपण गिरणीत होतो हे सिद्ध करण्यासाठी घराघरांतून जुनी कागदपत्रे शोधली गेली. त्यामुळे अण्णांच्या आणि दादांच्या घरीही बहुधा एखादी प्लास्टिकची पिशवी असेल, तीत गिरणीचा पास, तिकीट नंबर, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, कामगार विम्याचे कार्ड, एखादी पगाराची चिठ्ठी असेल. ती पिशवी कुटुंबाच्या दृष्टीने हक्काचा पुरावा आहे, म्हणून ती घरी घेऊन येऊ नका. त्यांच्याच घरी, त्यांच्यासमोर, मोबाइलवर फोटो काढा आणि तिथल्या तिथे परत द्या. हे फोटो मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचे नाहीत, हेही त्यांना आधीच सांगून ठेवा. पासवरच्या फोटोत अण्णा वीस-बावीस वर्षांचे असतील. तुमच्या पिढीने त्यांना फक्त म्हातारे पाहिले आहे, तेव्हा फलकावरही हाच तरुण चेहरा लावता येईल का, हे घरच्यांना अवश्य विचारा.

गावकरी मंडळांच्या वह्या हा दुसरा साठा आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडून आलेल्या माणसांनी गावागावांची मंडळे काढली, खोल्या घेतल्या आणि वर्गणी काढून गावच्या शाळेला किंवा देवळाला पैसे पाठवले. कोणी वर्गणी भरली, कोणाच्या अंत्यविधीला किती मदत दिली, हे त्या वह्यांत तारखेनिशी लिहिलेले असते. अशी वही कोणाच्या माळ्यावर असेल तर घर बदलताना ती रद्दीत जाण्याआधी गाठा.

आता अण्णांविषयी. ‘तुमच्या वडिलांचे आयुष्य कसे होते’ असा प्रश्न त्यांच्या मुलाला विचारलात तर ‘कष्टात गेले’ एवढेच उत्तर मिळेल, आणि त्यात त्याची चूक नाही. हाताला धरता येईल असे विचारा. मुंबईत पहिल्यांदा आले ते बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले की एसटीने आले? पहिली रात्र कोणाच्या खोलीत काढली? बदली, म्हणजे रोज मिळेल ते काम करणारा तात्पुरता कामगार, म्हणून किती वर्षे गेटवर उभे राहावे लागले आणि कायम कधी झाले? त्यांच्याकडे किती साचे होते? रात्रपाळीहून आल्यावर झोपायला जागा कुठे मिळायची? मनिऑर्डर कोणाच्या नावाने जायची? साचेखात्यात इतका आवाज असे की माणसे ओठ वाचून आणि हातांनी खुणा करून बोलत, आणि त्यातल्या अनेकांची श्रवणशक्ती त्यापायी कायमची मंदावली. अण्णा घरात मोठ्याने बोलत असतील आणि सगळे त्यांना रागीट समजत असतील, तर त्यामागे हे कारण असू शकते. त्यांच्या नातवंडांना हे कोणी सांगितले आहे का, ते पाहा.

त्यांच्या पखवाजाचे मात्र लेखी वर्णन करत बसू नका. जे त्यांच्याबरोबर भजनाला बसत त्यांना शोधा, अण्णा हटकून कोणता अभंग धरायला लावत ते विचारा आणि तो त्यांनाच म्हणू द्या. पखवाज कोणाकडे आहे, त्याला शाई कोण लावून आणत असे, डबलबारीला, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्याला, ते कधी बसले होते का, या गोष्टी गाणे संपल्यावर आपोआप निघतील.

काकींच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते, कारण बायकांच्या वाट्याला श्रद्धांजलीतही ‘सोशिक’ आणि ‘अन्नपूर्णा’ हे दोनच शब्द येतात. खानावळ हा व्यवसाय होता आणि तो अवघड होता. बायकामुले गावी ठेवून आलेल्या गड्यांना दोन वेळचे जेवण घालायचे, पैसे महिन्याच्या पगाराला मिळणार, तोवर वाण्याची उधारी चालवायची, कधी सावकाराचे व्याज भरायचे, पाळ्यांप्रमाणे जेवणाच्या वेळा सांभाळायच्या, आणि हे सगळे त्याच १६० चौरस फुटांत, जिथे स्वतःची मुलेही अभ्यास करत असत. संप सुरू झाल्यावर ज्यांचा पगार थांबला त्यांचे जेवण थांबले का, हा प्रश्न खानावळवालीसमोर रोज उभा होता. काकींनी तेव्हा काय केले, कोणाची बाकी किती राहिली, ती पुढे कोणी फेडली, हे त्यांच्या घरच्यांना आणि त्यांच्याकडे जेवलेल्या माणसांना विचारा. गिरणगावातल्या अशा बायकांना संघटित करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले होते. काकींचा त्याच्याशी काही संबंध आला होता का, तेही विचारून घ्या. आणि शक्य असेल तर त्यांच्या हिशेबाच्या वहीचे एखादे पान मिळवा. त्या लिहायला शिकल्या नसतील तर हिशेब कसा ठेवत, भिंतीवर रेघा ओढून की मुलीकडून लिहून घेऊन, हे कळले तरी काकी डोळ्यांसमोर उभ्या राहतील.

दादांच्या चिरंजीवांचे म्हणणे तुम्ही पत्रात अडचण म्हणून मांडले आहे. मला ती अडचण वाटत नाही. पत्राच्या येथे न छापलेल्या भागात तुम्ही लिहिता की ते कुटुंब बौद्ध आहे आणि त्यांनी घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला. मग गणपतीच्या मांडवासमोर, देवाच्या चित्राखाली, वडिलांचा फोटो नको असे मुलाला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. त्यांची समजूत काढायला जाऊ नका, त्यांचे म्हणणे ऐकायला जा. बाबांविषयी काय सांगितले जावे असे वाटते आणि कोठे, एवढेच विचारा, आणि ‘काहीच नको’ असे उत्तर आले तर तेही मान्य करा.

ते बोलले तर एका गोष्टीची तयारी ठेवा. गिरणीतल्या खात्यांना जात होती. साचेखात्यात धोट्यातले (मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतले) सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि विटाळाच्या कल्पनेमुळे अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना त्या जास्त पगाराच्या खात्यात प्रवेश मिळत नसे. त्यांना रिंगखात्यासारख्या कमी पगाराच्या कामावर राहावे लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. दादा गिरणीत लागले तो काळ पुष्कळ नंतरचा, त्यामुळे त्यांचा अनुभव काय होता हे तुम्ही गृहीत धरू नका. परंतु एकाच मजल्यावर राहणारे अण्णा साचेखात्यात आणि दादा रिंगखात्यात होते, या साध्या नोंदीमागे मोठा इतिहास असू शकतो आणि दादांच्या घरात तो ठाऊक असेल. मजल्यावर कोणाकडून पाणी घेतले जायचे आणि कोणाकडून नाही, हेही कदाचित निघेल. ‘आमच्याकडे असले काही नव्हते’ असे म्हणण्याची घाई कोणी करू नये, तुम्ही तर नाहीच. मुलाने सांगितले आणि लिहायला परवानगी दिली, तर जसे सांगितले तसे लिहा.

आता संपाचा वाद. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. वर्ष-दीड वर्षाच्या काळात कोणी गावी जाऊन शेती केली, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी दागिने मोडले, आणि कोणी कामावर परत गेले. परत गेलेल्यांना जे शब्द ऐकावे लागले ते तुमच्या मजल्यावर अजून ऐकू येत असतील, म्हणूनच तर हा वाद आहे. माझे स्पष्ट मत असे की हा निर्णय मंडळाच्या बैठकीत होऊ नये. अण्णांच्या पत्नी किंवा मुले यांच्याशी एकटीने, घरी बसून बोला. त्यांना ते सांगायचे असेल तर कोणत्या महिन्यात गेले, तेव्हा घरात काय चालले होते, गेटपर्यंत कसे पोहोचायचे, शेजाऱ्यांशी बोलणे किती दिवस बंद होते, हे सारे त्यांच्याच शब्दांत लिहा आणि पुढे स्वतःचे एकही विशेषण जोडू नका. त्यांना सांगायचे नसेल तर तो भाग सोडून द्या, कारण आपल्या दुःखातले किती उघड करायचे हे त्यांनी ठरवायचे आहे. मात्र त्या परिस्थितीत ‘अखेरपर्यंत संपात ठाम राहिलेले लढाऊ कामगार’ असे वाक्य कोणाच्याही आग्रहाखातर लिहू नका. गाळणे आणि खोटे लिहिणे यांत फरक आहे, आणि मजल्यावरची सगळी माणसे तो मजकूर वाचताना खरे काय ते जाणत असतील.

ज्यांनी संपात सर्वस्व गमावले आणि ज्यांना अण्णांचा राग अजून आहे, त्यांच्याकडेही जा. तो राग स्मरणाच्या आड येतो असे समजू नका. माझा अंदाज आहे की त्यांच्यापैकीच कोणीतरी, बराच वेळ बोलून झाल्यावर, अण्णांनी कधीतरी केलेली अशी एखादी गोष्ट सांगेल जी घरच्यांनाही माहीत नसेल.

ऐकलेले पडताळून घेण्याची सवय मात्र ठेवा. गिरणगावात पुष्कळ घरांतून ‘आमचे वडील फ्लोरा फाउंटनला गोळीबारात होते’ असे सांगितले जाते, आणि अनेक जण खरोखरच होते. परंतु संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातला तो पहिला गोळीबार २१ नोव्हेंबर १९५५ चा आहे, आणि ज्यांचा जन्म १९४५ चा ते तेव्हा दहा वर्षांचे होते. असे आढळले तर सांगणाऱ्याला खोटे पाडू नका. बहुधा ती गोष्ट त्यांच्या वडिलांची किंवा थोरल्या भावाची असते आणि ऐकून ऐकून आपली झालेली असते. कोणाची ते शांतपणे विचारून घ्या म्हणजे आणखी एका माणसाची नोंद हाती लागेल.

कामाच्या पद्धतीविषयी थोडक्यात. दुपारच्या झोपेनंतरची वेळ घ्या, पाऊण तासाहून अधिक बसू नका, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करताना आधी परवानगी घ्या, पंखा बंद करा, आणि सुरुवातीलाच तारीख व बोलणाऱ्याचे नाव मोठ्याने म्हणा. आठवड्याच्या आत उतरवून काढा, कारण आवाज फोनमध्ये राहतो पण हाताच्या खुणा तुमच्याच लक्षात असतात. लिहिलेले घरच्यांना वाचून दाखवल्याशिवाय कोठेही देऊ नका.

फलकावर नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, गाव, गिरणीतले खाते किंवा खानावळीचा काळ आणि ते एक वाक्य, एवढेच द्या. दादांचे नाव त्यात असावे की नसावे हे त्यांच्या घरचे सांगतील. त्याशिवाय गणेशोत्सवाच्या गर्दीपासून दूर, वेगळ्या दिवशी, सर्व धर्मांच्या माणसांना संकोच न वाटता येता येईल अशी एक संध्याकाळ ठेवा. मांडव नको, शाळेचे सभागृह चालेल. वार रविवार असावा असे सुचवतो, सोय म्हणून तर खरेच, शिवाय रविवारची सुट्टी १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांनीच मिळवली होती, आणि या तिघांसाठी जमायला त्याहून योग्य वार नाही. भिंतीवर मजल्याचा नकाशा लावा, जवळ पेन्सिली ठेवा आणि येणाऱ्यांना त्यात भर घालू द्या. भाषणे मात्र टाळा, नगरसेवकांचे तर नकोच. अभंग होईल, काकींकडे जेवलेले दोघे-तिघे बोलतील, दादांच्या घरच्यांची इच्छा असेल तर ते बोलतील. जमलेला मजकूर तीस-चाळीस पानांचा झाला तर छोटी पुस्तिका काढा, आणि तिची एक प्रत गावाकडच्या वाचनालयालाही पाठवा, कारण या तिघांचे अर्धे आयुष्य तिकडच्या माणसांनी पाहिलेलेच नाही.

सासूबाईंना सध्या काही विचारू नका. चाळीस वर्षांत काकी त्यांच्या रोजच्या दिवसात किती वेळा येऊन जात असतील याचा विचार करा : पहाटेचे पाणी, दुपारची निवडणी-टिपणी, संध्याकाळी दारात बसणे. संक्रमण शिबिरात दार बंद करून राहावे लागते, आणि तेवढ्यात काकीही गेल्या. तुम्ही वही-पेन घेऊन समोर बसलात तर त्यांना ते विचारणे चौकशीसारखे वाटत असेल. त्यापेक्षा काकींच्या हातचा एखादा पदार्थ, जो तुम्हाला नीट जमत नाही, तो करायला घ्या आणि त्या स्वयंपाकघरात येतील अशा वेळी करा. ‘काकी यात खोबरे भाजून घालायच्या की कच्चे?’ एवढे विचारा आणि थांबा. त्या त्या दिवशी नुसते ‘भाजून’ म्हणतील. तेवढेच लिहून ठेवा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच पदार्थ करा.